नगर परिषदेची निवडणूक लढवायची आहे? फ्लेक्स छापण्याआधीची आणि नंतरची कामे, क्रमाने

इंदूर जिल्ह्यातल्या राऊ, महूगाव, मानपूर, बेटमा, हातोद, देपालपूर, गौतमपुरा आणि सांवेर या नगर परिषदांमध्ये २०२२ साली निवडून आलेल्या पार्षदांची (नगरसेवकांची) पाच वर्षांची मुदत २०२७ मध्ये संपते. या गावांतल्या अनेक मराठी कुटुंबांत आता कुणी ना कुणी ‘या वेळी उभे राहायचे’ असे म्हणू लागले आहे, आणि तयारीची सुरुवात बहुतेक जण फोटो काढून घेण्यापासून करतात. हा क्रम उलटा आहे. छोट्या गावाच्या निवडणुकीत नवखा उमेदवार दारोदार फिरताना क्वचितच हरतो. त्याआधीच मतदार यादी, जातीचे प्रमाणपत्र, शपथपत्रातला रिकामा रकाना किंवा दुपारी तीनची वेळ यांपैकी कशात तरी तो अडकतो. म्हणून पुढील टप्प्यांत कागदांना प्रचारापेक्षा जास्त जागा दिली आहे.

येथील नियम मध्य प्रदेश नगरपालिका अधिनियम, १९६१ आणि राज्य निर्वाचन आयोगाच्या सूचना यांवर चालतात. पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांनी सांगितलेले महाराष्ट्रातले नियम येथे गृहीत धरू नयेत. रकमा आणि तारखा २०२२ च्या फेरीतल्या दिल्या आहेत. नवी अधिसूचना निघाल्यावर प्रत्येक आकडा तिच्याशी ताडून पाहावा.

टप्पा १ : आपण कोणत्या हद्दीत राहतो ते ठरवणे

हा प्रश्न बाळबोध वाटतो, पण राऊ आणि महू या दोन्ही ठिकाणी हमखास घोळ येथेच होतो. राऊ विधानसभा मतदारसंघात इंदूर नगर निगमाचेही (महापालिकेचेही) अनेक वॉर्ड येतात, त्यामुळे ‘आम्ही राऊचे मतदार’ असे म्हणणारे कुटुंब प्रत्यक्षात निगमाच्या वॉर्डात राहत असू शकते. महूमध्ये छावणीचा भाग छावणी परिषदेकडे आहे, तिचा कारभार संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आणि छावणी अधिनियम, २००६ प्रमाणे चालतो. महूगाव नगर परिषद ही त्याहून वेगळी संस्था आहे. छावणीत राहणाऱ्या व्यक्तीला महूगावच्या परिषदेत उभे राहता येत नाही, मग तिचे दुकान आणि सगळे आप्तेष्ट महूगावात असले तरीही.

घराच्या मालमत्ता कराची पावती काढून तीवर कोणत्या संस्थेचे नाव आहे ते पाहावे. नव्या कॉलनीत घर असेल आणि पावती अजून ग्रामपंचायतीची असेल, तर आपण नगर परिषदेच्या हद्दीत नाहीच, हे तिथेच स्पष्ट होते.

टप्पा २ : मतदार यादी, स्वतःच्या डोळ्यांनी

विधानसभेची आणि नगरीय निवडणुकीची मतदार यादी या दोन वेगळ्या याद्या आहेत. पहिली भारत निर्वाचन आयोगाची, दुसरी राज्य निर्वाचन आयोगाची, आणि ही दुसरी वॉर्डनिहाय असते. खिशात मतदार ओळखपत्र आहे आणि मागच्या वेळी विधानसभेला मत दिले आहे, एवढ्याने नगर परिषदेच्या यादीत नाव आहे असे सिद्ध होत नाही. यादीत नाव नसलेल्या माणसाला उमेदवारी करता येत नाही, आणि हे फॉर्म भरायच्या दिवशी कळले तर उपाय हाती राहत नाही.

यादीचे प्रारूप प्रसिद्ध होऊन दावे-हरकतींची मुदत जाहीर झाली की त्या मुदतीतच पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली, आपले नाव कोणत्या वॉर्डात, कोणत्या भागात आणि कोणत्या क्रमांकावर आहे. निवडणुकीआधी वॉर्डांची हद्द नव्याने आखली जाऊ शकते. अशा वेळी एकाच गल्लीची समोरासमोरची घरे दोन वॉर्डांत जातात आणि काही नावे मधल्या मध्ये भलत्याच वॉर्डात जाऊन पडतात.

दुसरी, नाव कसे लिहिले आहे. यादी हिंदीत असते. काळे यांचे ‘काले’ होते, गोळे यांचे ‘गोले’ होते, आणि वडिलांचे किंवा पतीचे मधले नाव कधी गळते, कधी आडनावाच्या जागी जाऊन बसते. जातीच्या प्रमाणपत्रावर, आधारवर आणि यादीत नाव तीन प्रकारांनी आले असेल तर दुरुस्तीचा अर्ज आताच द्यावा. लग्न होऊन आलेल्या स्त्रियांच्या बाबतीत हे विशेष लक्षपूर्वक करावे लागते, कारण शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव आणि यादीत सासरचे नाव असते. ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे नोटरी केलेले शपथपत्र आणि विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र एकत्र जपून ठेवावे.

तिसरी, नाव दोन ठिकाणी तर नाही ना. इंदूरच्या जुन्या वाड्यातले नाव तसेच राहिले आणि राऊच्या नव्या घराचेही लागले, असे अनेकांचे झालेले आहे. प्रतिस्पर्धी हे शोधून काढतातच. जुने नाव स्वतः अर्ज करून कमी करून घ्यावे आणि पोच सांभाळावी.

*सावधान :* यादी ‘कुणीतरी पाहिली आहे’ यावर विसंबू नये. स्वतःचे, घरच्यांचे आणि संभाव्य प्रस्तावकांचे, म्हणजे आपले नाव सुचवून फॉर्मवर सही करणाऱ्यांचे, नाव स्वतः वाचावे आणि त्या पानाची प्रत काढून फाइलला लावावी.

टप्पा ३ : वॉर्डाचे आरक्षण आणि जातीचे प्रमाणपत्र

आपला वॉर्ड कोणासाठी राखीव आहे हे कळेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नये. मध्य प्रदेशात नगरीय संस्थांतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि मागास वर्ग यांच्याही जागा असतात, आणि हे राखीव वॉर्ड निवडणुकीगणिक बदलतात. पाच वर्षे एका वॉर्डात राबलेल्या माणसाचा वॉर्ड ऐन वेळी महिलांसाठी निघतो, ही नेहमीची गोष्ट आहे.

अशा वेळी दोन वाटा असतात. उमेदवार त्या परिषदेच्या कोणत्याही वॉर्डाचा मतदार असला तरी दुसऱ्या वॉर्डातून उभा राहू शकतो. मात्र त्याचा प्रस्तावक ज्या वॉर्डातून तो उभा आहे त्याच वॉर्डाचा मतदार असावा लागतो. शेजारचा वॉर्ड अनारक्षित असेल आणि तिथे खरोखर ओळख असेल, तर ही वाट खुली आहे. दुसरी वाट घरातल्या स्त्रीने उभे राहण्याची. ती उभी राहणार असेल तर शपथपत्र तिचे, सही तिची, खर्चाचा हिशेब तिच्या नावाचा आणि कायद्यापुढे उत्तरदायीही तीच असते, हे घरात आधी बोलून घ्यावे. ‘पार्षद पती’ हे पद कोणत्याही अधिनियमात नाही, आणि फलकावर पतीचा फोटो मोठा आणि उमेदवाराचा छोटा असला की मतदारही हसतात.

मराठी कुटुंबांसाठी खरा खाचखळगा जातीच्या प्रमाणपत्राचा आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यवार ठरतात, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात स्थलांतर केल्याने मूळ राज्यातला आरक्षणाचा लाभ सोबत येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच स्पष्ट केले आहे. जळगाव किंवा अमरावतीच्या अधिकाऱ्याने दिलेले प्रमाणपत्र घेऊन बेटम्याच्या राखीव वॉर्डातून फॉर्म भरला तर छाननीत हरकत येणारच. तीच जात दोन्ही राज्यांच्या यादीत असली तरीही फरक पडत नाही. राखीव जागेसाठी मध्य प्रदेशातल्या सक्षम अधिकाऱ्याने दिलेले प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी कुटुंबाचे येथले जुने वास्तव्य कागदांवर दाखवावे लागते. होळकरांच्या काळापासून येथे असलेल्या घरांना हे सहसा जमते. आजोबांच्या शाळेचा दाखला, जुनी रजिस्ट्री, नोकरीची नोंद, असे काही ना काही निघते. नंतर आलेल्यांनी एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) कार्यालयात आधीच विचारणा करावी.

लग्नाने जात बदलत नाही, हेही येथेच सांगायला हवे. महाराष्ट्रातून सून म्हणून आलेल्या स्त्रीची जात वडिलांकडून ठरते, आणि वडिलांचे राज्य वेगळे असेल तर वरचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. अनारक्षित महिला वॉर्डातून उभे राहण्यास मात्र तिला यातली कोणतीच अडचण नाही.

*तपासणी :* आरक्षणाची अधिसूचना हातात आहे का? राखीव जागा असेल तर मध्य प्रदेशाचे प्रमाणपत्र मूळ प्रतीत आहे का? नसेल तर पुढचा टप्पा सुरू करू नये.

टप्पा ४ : अपात्रता आणि थकबाकी

पार्षदपदासाठी वय किमान २१ वर्षे पूर्ण असावे लागते. सरकारी नोकरीत असलेल्यांना उभे राहता येत नाही. मानधनावर किंवा कंत्राटावर काम करणाऱ्यांनी ‘आपण कायम नोकर नाही’ असा अर्थ स्वतः न लावता विभागाकडून लेखी घ्यावे. नगर परिषदेशी चालू कंत्राट असणे हे अपात्रतेचे कारण ठरू शकते. परिषदेला टँकर, मंडप, बांधकामाचे साहित्य पुरवणाऱ्यांनी ते काम केव्हा संपले याचा कागद मिळवावा.

महाराष्ट्रातल्या दोन अपत्यांच्या अटीबद्दल येथे दर निवडणुकीत विचारले जाते. मध्य प्रदेशानेही एके काळी स्थानिक संस्थांसाठी ती घातली होती, पुढे काढून टाकली. घरात फ्लश शौचालय असण्याची अट मात्र येथे आहे आणि तिची माहिती कागदपत्रांत द्यावी लागते.

थकबाकीचा विषय आपण समजतो त्याहून वेळखाऊ आहे. परिषदेचे अदेय प्रमाणपत्र, म्हणजे सगळे ज्याला ‘नो ड्यूज’ म्हणतात ते, मिळवण्यासाठी मालमत्ता कर, पाणीपट्टी, दुकान परिषदेचे असेल तर त्याचे भाडे, असे सगळे चुकते करावे लागते. घर अजून वडिलांच्या नावावर असेल तर त्या खात्याची बाकीही निघते आणि तेव्हा भावाभावांत कुणी किती भरायचे यावर दोन दिवस जातात. फॉर्म भरण्याच्या आठवड्यात याच खिडकीवर सगळे उमेदवार रांग लावतात. म्हणून कर आधीच्या तिमाहीत भरावा, पावती घ्यावी आणि अधिसूचना निघताच पहिल्याच दिवशी प्रमाणपत्राचा अर्ज टाकावा. विजेचे बिलही याच वेळी भरून त्याची पावती फाइलला लावावी.

टप्पा ५ : नामनिर्देशन पत्र आणि शपथपत्र

२०२२ च्या फेरीत ११ जूनला फॉर्म भरणे सुरू झाले, १८ जून हा शेवटचा दिवस होता, २० जूनला छाननी झाली आणि २२ जूनला दुपारी तीनपर्यंत माघार घेता येत होती. थोडक्यात, फॉर्म भरण्याचे सगळे काम आठवडाभरात उरकायचे असते. फॉर्म ऑनलाइन भरण्याची सोय आहे, पण ऑनलाइन भरला म्हणजे दाखल झाला असे नव्हे. त्याची छापील प्रत सह्या आणि जोडपत्रांसह रिटर्निंग ऑफिसरच्या (निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या) कार्यालयात मुदतीत पोचावी लागते. कियॉस्कवरची पावती घेऊन निर्धास्त झालेल्यांची उमेदवारी जन्मतःच संपते.

शपथपत्र हा या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत अवघड कागद आहे, आणि लोक तो वकिलाच्या मुनशीकडे सोपवून मोकळे होतात. त्यात प्रलंबित आणि निकाली फौजदारी प्रकरणे, स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबून असलेल्यांची चल-अचल संपत्ती, कर्जे आणि शिक्षण यांची माहिती शपथेवर द्यायची असते. मुनशीला आपल्या घरातली माहिती नसते. तो मागच्या उमेदवाराचा नमुना उघडून नावे बदलतो. मागच्या उमेदवाराची गाडी तशीच राहून गेली तर शपथ मात्र आपण घेतलेली असते.

शपथपत्र भरण्याआधी घरी एका वहीत खालील माहिती स्वतः लिहून काढावी.

- सर्व बँक खाती, मुदत ठेवी, पोस्टातल्या योजना, विम्याच्या पॉलिसी, जोडीदाराच्या वेगळ्या.
- सोने, वजनासह. ‘स्त्रीधन आहे, ते कशाला दाखवायचे’ हा युक्तिवाद येथे चालत नाही. जोडीदाराच्या रकान्यात ते येते.
- वाहने आणि त्यांवरची कर्जे.
- येथले घर, भूखंड, दुकान.
- महाराष्ट्रातल्या वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा. हा रकाना मराठी उमेदवार सर्रास विसरतात. चाळीसगावजवळ काकांकडे कसायला असलेल्या शेताच्या सातबाऱ्यावर सामायिक नावांत आपले नाव असेल, तर वाटणी झालेली नसली आणि वर्षाला पोतेभर ज्वारीही येत नसली तरी तो हिस्सा दाखवावा.
- पोलिसांतले कोणतेही प्रकरण, मोर्च्यातले किंवा शेजाऱ्याशी झालेल्या भांडणातलेसुद्धा. क्रमांक आणि न्यायालयाचे नाव मिळवून ठेवावे.

मग फॉर्म घ्यावा आणि पहिल्या रकान्यापासून शेवटच्यापर्यंत एकही जागा कोरी सोडू नये. माहिती नसेल तिथे ‘निरंक’ लिहावे. येथील कार्यालयांत हाच शब्द चालतो. आडवी रेघ ओढल्यास ती कोरी जागा आहे की नकार आहे यावर वाद घालता येतो. खाडाखोड झालीच तर तिथे सही करावी, आणि जास्त झाली तर पान पुन्हा छापावे. नोटरीचा शिक्का प्रत्येक पानावर आहे ना, तारीख पडली आहे ना, हे नोटरीसमोरच पाहावे.

*सावधान :* फॉर्मवरचे नाव, यादीतले नाव आणि मतदान यंत्रावर छापून यावे असे वाटणारे नाव ही तिन्ही जुळवून पाहावीत. गावात सगळे ‘बंडू भाऊ’ म्हणून ओळखत असतील तर ते नाव छापले जाईल का, हे रिटर्निंग ऑफिसरला फॉर्म देतानाच विचारावे. यंत्रावरचा कागद छापल्यावर विचारून उपयोग नसतो.

टप्पा ६ : दाखल करणे, छाननी आणि माघार

प्रस्तावक निवडताना मान-पान पाहू नये, यादी पाहावी. त्याचे नाव त्याच वॉर्डात असावे आणि त्याने दुसऱ्या कुणाच्या फॉर्मवर सही केलेली नसावी. ज्याचे नाव दोन ठिकाणी आहे किंवा जो परिषदेचा कर्मचारी आहे, अशा ज्येष्ठाला केवळ आदरापोटी प्रस्तावक करू नये.

२०२२ मध्ये नगर परिषदेच्या पार्षदासाठी अनामत रक्कम १,००० रुपये होती. स्त्रिया आणि राखीव प्रवर्गातील उमेदवारांना तिची निम्मी. राखीव प्रवर्गातले म्हणून निम्मी भरणाऱ्याने अनारक्षित जागेवरही जातीचे प्रमाणपत्र जोडावे, नाहीतर रक्कम कमी पडली म्हणून फॉर्म जाऊ शकतो.

शेवटच्या दिवसावर काम कधीही ढकलू नये. चांगला मुहूर्त पाहून फॉर्म भरण्याची हौस सगळ्यांनाच असते. ती ठेवायची असेल तर पंचांगातला पहिल्या तीन दिवसांतला मुहूर्त पाहावा, म्हणजे त्रुटी निघाली तर ती भरून काढायला वेळ मिळतो. कार्यालयात ढोल-ताशासह मिरवत गेल्यास आत सोबत किती जणांना जाता येईल यावर मर्यादा असते आणि खर्चाची नोंदही तिथूनच सुरू होते. फॉर्म देताना मिळणारी पोच आणि त्रुटींची यादी दोन्ही वाचून घ्यावी. त्रुटीच्या यादीवर जी तारीख-वेळ लिहिली असेल तिच्या आत पूर्तता करावी.

छाननीला स्वतः जावे. प्रतिस्पर्ध्याने हरकत घेतली तर उत्तर तिथल्या तिथे द्यायचे असते, म्हणून मूळ कागदांची फाइल, यादीची पाने आणि कायदा जाणणारा एक माणूस सोबत असावा. आपल्या बाजूनेही इतरांचे शपथपत्र वाचावे, पण उगाच हरकतींचा पाऊस पाडू नये; वेलांटीच्या चुकीवर फॉर्म जात नसतो आणि छोट्या गावात ही कटुता पाच वर्षे टिकते.

पक्षाच्या वतीने लढणाऱ्यांचा जीव माघारीच्या वेळेपर्यंत टांगणीला असतो, कारण अधिकृत उमेदवारीचे पत्र, बी फॉर्म, ठरलेल्या वेळेत रिटर्निंग ऑफिसरच्या हाती पडले नाही तर उमेदवार अपक्ष ठरतो. पत्र ‘भोपाळहून निघाले आहे’ या निरोपावर विश्वास ठेवू नये. अपक्षाला आयोगाच्या मुक्त चिन्हांतून चिन्ह मिळते. पसंतीक्रम लिहिताना म्हाताऱ्या मतदाराला एका नजरेत ओळखू येईल आणि बोलून सांगता येईल असे चिन्ह पहिले लिहावे.

अध्यक्षपदाविषयी एवढेच. २०१४-१५ च्या फेरीत नगर परिषदांचे अध्यक्ष मतदारांनी थेट निवडले, २०२२ मध्ये ते पार्षदांमधून निवडले गेले. पद्धत पुन्हा पुन्हा बदललेली असल्याने पार्षदपदाचा फॉर्म भरताना मनात अध्यक्षपद असेल, तर त्या वेळचा नियम आधी वाचावा.

टप्पा ७ : प्रचार, यादी हातात धरून

येथून पुढे फ्लेक्सचा विचार करायला हरकत नाही. नगर परिषदेच्या वॉर्डात मतदार साधारण हजार-दीड हजारांच्या घरात असतात, आणि एवढ्या लोकांपर्यंत स्वतः पायी पोचता येते. सभा आणि रॅली येथे फारशा कामाच्या नाहीत. यादी घरवार मांडून घ्यावी आणि प्रत्येक नावापुढे तीनच खुणा कराव्यात: येथे राहतो, बाहेरगावी आहे, आता नाही. नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला गेलेली मुले यादीत असतातच. त्यातली किती मतदानाला येऊ शकतात याचा अंदाज आई-वडिलांकडूनच मिळतो. पहिली फेरी केवळ ऐकण्यासाठी, दुसरी आपले म्हणणे सांगण्यासाठी आणि तिसरी पर्ची (मतदार चिठ्ठी) देण्यासाठी, असा क्रम ठेवावा.

मराठी उमेदवारांची एक ठरावीक चूक अशी की, पहिले दहा दिवस ते फक्त मराठी घरांत चहा पितात. ती मते बहुधा मिळणारच असतात. उरलेल्या गल्लीला मात्र ‘हे आपल्याकडे आलेच नाहीत’ एवढेच लक्षात राहते. बहुतेक वॉर्डांत केवळ मराठी मतांवर निवडून येता येत नाही. पहिली फेरी मुद्दाम अनोळखी टोकापासून सुरू करावी, पत्रक सोप्या हिंदीत छापावे आणि माळवी बोलता येत असेल तर दारात ती जरूर बोलावी.

आश्वासने परिषदेच्या अधिकारातलीच असावीत: पाणीपुरवठा, नाल्या, कचरा, रस्त्यांवरचे दिवे, अंतर्गत रस्ते. वीज वितरण कंपनी आणि पोलीस ठाणे पार्षदाच्या हाताखाली नसतात. परिषदेतही अंमलबजावणी मुख्य नगरपालिका अधिकाऱ्याकडे असते. मागच्या अर्थसंकल्पाची प्रत मिळवून वॉर्डात कोणत्या कामावर पैसे मंजूर झाले आणि ते कुठे अडकले, हे सांगणारा उमेदवार इतरांपेक्षा लगेच वेगळा उठून दिसतो.

आचारसंहितेतल्या या गोष्टी घरगुती वाटतात, म्हणून येथे नोंदवल्या आहेत.

- आचारसंहितेच्या काळात उमेदवाराच्या घरचे हळदी-कुंकू आणि त्यातले वाण ही मतदारांना दिलेली भेट ठरू शकते. वाण म्हणून स्टीलचे डबे वाटल्याचा फोटो तक्रारीला पुरतो.
- मंदिर, गणपती मंडळाचा मंडप किंवा दिंडी येथे मत मागू नये. दर्शनाला जावे, पत्रके घरी ठेवून जावे.
- पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव हवेच.
- दुसऱ्याच्या भिंतीवर लेखी परवानगीशिवाय काही लावू नये. त्यासाठी संपत्ती विरूपण निवारण अधिनियम, १९९४ आहे. भाच्याने हौसेने चिकटवलेले पोस्टरही उमेदवाराच्याच खात्यात धरले जाते.
- भोंगा लावण्यास परवानगी लागते, आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद.

खर्चाची मर्यादा २०२२ मध्ये नगर परिषदेच्या पार्षदासाठी ७५,००० रुपये होती. वेगळे बँक खाते उघडून सर्व खर्च त्यातूनच करावा आणि नोंदवही रोजच्या रोज लिहावी. प्रशासन मंडप, खुर्च्या, वाहन, चहा-पोहे यांची दरसूची ठरवते. आपल्याला मंडप मित्राने फुकट दिला असला तरी हिशेबात तो त्या दराने धरला जाऊ शकतो. सकाळी कार्यकर्त्यांसाठी येणारे पोहे-जिलेबी ही इंदूरकडची रीत आहे, पण हिशेबात तिचीही ओळ असावी. आठवड्याने आठवून लिहिलेली वही निरीक्षकाच्या लगेच ध्यानात येते, कारण सगळ्या पानांवर शाई एकच असते.

*तपासणी :* रोज रात्री वही, बिले आणि बँकेची शिल्लक यांचा मेळ बसतो का?

टप्पा ८ : मतदान आणि मतमोजणी

प्रत्येक केंद्रासाठी मतदान अभिकर्ता (पोलिंग एजंट) आणि त्याचा बदली माणूस आधीच नेमून त्यांचे नियुक्तिपत्र भरून ठेवावे. गप्पिष्ट कार्यकर्ता येथे नको. यादीतली नावे खुणा करत दिवसभर एका जागी बसणारा, गल्लीतली तोंडे ओळखणारा माणूस हवा. निवृत्त शिक्षिका किंवा पोस्टमन या कामाला उत्तम. त्याने मतदान सुरू होण्याआधीच्या अभिरूप (चाचणी) मतदानाला हजर राहावे, ते झाल्यावर यंत्र शून्यावर आणले गेले हे पाहावे, यंत्राचा आणि मोहरेचा क्रमांक टिपून घ्यावा आणि मतदान संपल्यावर एकूण मतांच्या हिशेबाची प्रत घेतल्याशिवाय उठू नये. मतमोजणीच्या टेबलावर हेच आकडे कामी येतात: यंत्राचा क्रमांक तोच आहे का, मोहर तीच आहे का, एकूण मते तेवढीच आहेत का. छोट्या वॉर्डात निकाल मोजक्या मतांवर फिरतो, म्हणून फरक कमी असेल तर फेरमोजणीची मागणी निकाल जाहीर होण्याआधी, लेखी आणि कारणासह करावी. जाहीर झाल्यावर तोंडी ओरडून काही होत नाही.

बाहेर उभ्या असलेल्या मंडळींनी केंद्राजवळ घोळका करू नये. पर्च्या आदल्या दिवशीच वाटून झालेल्या असाव्यात. मतदारांना गाडीने आणणे-नेणे हा गैरप्रकार आहे, आणि ‘या आपल्याच आजी आहेत’ अशी सबब घराबाहेरच्या मतदारांसाठी सांगता येत नाही.

टप्पा ९ : निकालानंतरचे ३० दिवस

निकालाच्या रात्री खर्चाची वही कपाटात टाकून देणारे बरेच असतात, हरलेले तर हमखास. निकालापासून ३० दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब सादर करायचा असतो, आणि तो जिंकलेल्या, हरलेल्या, बिनविरोध निवडून आलेल्या अशा प्रत्येक उमेदवाराला लागू आहे. हिशेब न देणारा पुढच्या निवडणुकीसाठी अपात्र ठरवला जाऊ शकतो. बिलांच्या छायाप्रती स्वतःजवळ ठेवाव्यात, मूळ कागद क्रमांक घालून द्यावेत आणि स्वीकारणाऱ्या कर्मचाऱ्याची सही, शिक्का आणि तारीख असलेली पोच घेऊनच कार्यालयाबाहेर पडावे.

निवडणूक याचिका करायची असेल तर तिचीही मुदत अशीच थोडी असते आणि राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून मोजली जाते. त्यासाठी यंत्रांचे टिपलेले क्रमांक, अभिकर्त्याकडच्या हिशेबाच्या प्रती आणि छाननीच्या दिवशी दिलेल्या लेखी हरकती लागतील. त्या सर्व एकाच फाइलमध्ये, तारखेप्रमाणे लावलेल्या असाव्यात.